शिखरवेग आणि आणेवारी : ‘परम’मधील दोन प्रोसेसरांची कथा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावाला महासंगणकाशी काय कर्तव्य आहे, असा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटला, तरी गेल्या चाळीस वर्षांतील भारतीय संगणकविद्येचा इतिहास ज्याने थोडा बारकाईने पाहिला आहे, त्याला उत्तरासाठी लांब जावे लागत नाही. कापूस, मका आणि बाजरी यांवर ज्या मुलुखाचे वर्षभराचे अन्नवस्त्र अवलंबून आहे, ज्याच्या विहिरींना चैत्रवैशाखात पाणी राहील की नाही याचा निकाल भाद्रपद सरेपर्यंत लागत नाही, आणि १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्याच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यातून अद्याप गेलेली नाही, त्या मुलुखाला मृगाच्या तोंडावर तीनच प्रश्न पडतात : पाऊस केव्हा येणार, किती येणार, आणि पेरणी झाल्यावर त्यात किती दिवसांचा खंड पडणार. हे प्रश्न पुरातन आहेत. त्यांची उत्तरे गणिताने काढता येतील ही कल्पना मात्र विसाव्या शतकाची आहे, आणि त्या गणिताच्या अवाढव्यपणामुळेच नव्वदीच्या दशकारंभी पुण्यामध्ये दोन प्रोसेसर तुलनेसाठी समोरासमोर आले. त्या तुलनेची हकीकत सांगणे आणि तिच्यातून जे निष्पन्न झाले ते आजही ग्राह्य का आहे याचा विचार करणे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

हवेचे भाकीत गणिताने वर्तविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने केला आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो सविस्तर मांडला. वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्यातील दाब, उष्णता, आर्द्रता आणि वाऱ्याची गती यांचे आकडे मांडावेत, आणि शेजारच्या तुकड्यांतील आकड्यांशी त्यांचा मेळ घालीत काळाची एकेक पायरी पुढे सरकावी, अशी ही रीत होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची वाहतूक करणाऱ्या पथकात चाकरी बजावीत असताना अवघ्या सहा तासांच्या भाकिताचे गणित त्याने हाताने केले, आणि एवढे कष्ट उपसून आलेले उत्तर साफ चुकले. तथापि खचून न जाता, हवामान घडते त्या गतीने ते मोजावयाचे तर एका प्रचंड वर्तुळाकार सभागृहात ६४,००० हिशेबनीस बसवावे लागतील, असे कल्पनाचित्र त्याने रेखाटले. या चित्रातले मर्म असे की, प्रत्येक हिशेबनिसाला आपापले गणित वेगाने करता आले तरी तेवढ्याने भागत नाही; शेजाऱ्याचा आकडा त्याच्या हाती वेळेवर पडला पाहिजे, अन्यथा सर्वांत चपळ हिशेबनीसही लेखणी खाली ठेवून बसून राहील. पुढे जी कथा यावयाची आहे तिचे बीज याच एका वाक्यात आहे.

भारतात मोसमी पावसाच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात; १९६२ साली पुण्यातच उष्णप्रदेशीय हवामानशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. संगणकाच्या बाबतीतही आपण अगदीच नवखे नव्हतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली निर्वात नळ्यांचा जो संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, त्याचे ‘टिफ्रॅक’ हे नामकरण १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले होते. परंतु १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेतील सीडीसी कंपनीचा ३६०० हा संगणक दाखल झाला, आणि मोठे गणित करावयाचे तर मोठे यंत्र परदेशातून मागवावयाचे, ही वहिवाट त्यानंतर दोन दशके चालू राहिली.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या वहिवाटीला धक्का बसला. त्या काळी महासंगणक म्हटला की क्रे कंपनीचे नाव निघे. तो भारताला द्यावा की न द्यावा यावर वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यामध्ये दीर्घकाळ खलित्यांची ये-जा झाली. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रे यांच्या गणितासाठी त्याचा उपयोग होईल, ही अमेरिकन सरकारची धास्ती होती. अखेर हवामानाच्या कामापुरता, वापरावर कडक अटी घालून, एकच प्रोसेसर असलेला ‘एक्स-एमपी १४’ दिल्लीच्या हवामान-भाकीत केंद्राला मिळाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेल्या अधिक शक्तिमान यंत्राला मंजुरी मिळाली नाही. या नकारानंतर केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८८ च्या मार्चमध्ये ‘प्रगत संगणन विकास केंद्र’, म्हणजेच ‘सी-डॅक’, ही संस्था पुण्यास स्थापन केली, अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांना तिचे संचालक नेमले, आणि तीन वर्षांची मुदत व सुमारे ३० कोटी रुपयांची तरतूद देऊन क्रेच्या तोडीचे यंत्र देशात घडविण्याची कामगिरी तिच्यावर सोपविली.

येथे तांत्रिक मसलतीचा पहिला पेच उभा राहिला. क्रेची यंत्रे एकदोन किंवा चारआठ अतिवेगवान प्रोसेसरांवर चालत. ते प्रोसेसर खास घडविलेले असत, ते ज्या जातीच्या मंडलांनी बनत ती मंडले काम नसतानाही वीज खात, आणि त्यांतून निघणारी उष्णता वाहून नेण्यासाठी स्वतंत्र शीतकरणाची व्यवस्था करावी लागे. १९७६ सालचा ‘क्रे-१’ सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई. असा प्रोसेसर घडविण्याचा कारखाना भारतात नव्हता आणि तो तीन वर्षांत उभारणे शक्यही नव्हते. उरला मार्ग एकच : जे सामान्य प्रोसेसर खुल्या बाजारात मिळतात, त्यांतले पुष्कळ एकत्र जोडून रिचर्डसनचे सभागृह प्रत्यक्षात आणावयाचे. त्या सभागृहासाठी हिशेबनीस मात्र असा हवा होता की, ज्याला गणित येते आणि शेजाऱ्याशी बोलताही येते.

असा प्रोसेसर इंग्लंडातील ब्रिस्टल येथे तयार होत होता. ब्रिटिश सरकारच्या भांडवलावर १९७८ साली आयन बॅरन आणि त्यांचे दोन अमेरिकन सहकारी यांनी स्थापन केलेल्या इन्मॉस कंपनीने ‘ट्रान्सप्युटर’ नावाची प्रोसेसरांची एक नवी जात निर्माण केली होती. तिचे मुख्य रचनाकार डेव्हिड मे, आणि तिच्या मुळाशी असलेला सिद्धान्त टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेला : स्वतंत्रपणे चालणारी कामे एकमेकांशी केवळ निरोपांनी बोलतात, एकमेकांच्या दप्तरात हात घालीत नाहीत. १९८७ साली आलेल्या टी-८०० या नमुन्यात पूर्णांकांचे गणित, दशांश अपूर्णांकांचे गणित, चार किलोबाइट स्मृती आणि सेकंदाला २० मेगाबिटपर्यंत वेगाने निरोप नेणारे चार दुवे, हे सारे एकाच चिपवर होते. चारही दिशांना चार शेजारी जोडा आणि जाळे विणत जा, मध्ये कोणत्याही जादा यंत्रणेची गरज नाही; एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याची व्यवस्थाही चिपच्याच अंगी असल्यामुळे ते स्थित्यंतर मायक्रोसेकंदाच्या आसपास उरके. गणिताचा वेग मात्र बेताचा होता. २० मेगाहर्ट्झच्या टी-८०० कडून सेकंदाला सुमारे १५ लाख अपूर्णांकी कृती, म्हणजे दीड मेगाफ्लॉप, एवढी टिकाऊ कामगिरी होई.

पुण्याच्या अभियंत्यांनी हीच निवड केली. १९९१ साली तयार झालेल्या ‘परम ८०००’ मध्ये ६४ ट्रान्सप्युटरांचा संच हे पायाभूत एकक होते, प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र होती, आणि त्यांची आपसांतील जोडणी कामाप्रमाणे बदलता येत असे. त्यांच्यावर कार्यक्रम लिहिण्यासाठी ‘परास’ ही आज्ञावलींची व्यवस्था सी-डॅकने स्वतः रचली. मुदतीच्या आत आणि तरतुदीच्या हद्दीत हे यंत्र उभे राहिले, एवढेच नव्हे तर त्याची निर्यातही झाली, ही गोष्ट सरकारी दिरंगाईची सवय झालेल्या देशात लहान नव्हती. असे अनेक संच जोडलेल्या यंत्राचा शिखरवेग १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी कृती, असा सांगितला गेला. प्रत्यक्ष कामात मात्र १०० ते २०० मेगाफ्लॉप एवढा वेग टिके.

हा शिखरवेग आणि हा टिकाऊ वेग यांच्यामधील अंतर ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने देवगावच्या तलाठ्याचे दप्तर आठवावे. हैदराबाद संस्थानाच्या काळापासून चालत आलेल्या ‘गिरदावर’ आणि ‘पेशकार’ या पदनावांची ओळख ज्या मुलुखात अजून टिकून आहे, तेथील शेतकऱ्याला आणेवारी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही : उत्तम हंगामात या जमिनीत जे पीक यावयास हवे ते सोळा आणे धरावयाचे, यंदा प्रत्यक्ष कापणीत किती आले ते त्याच्याशी ताडून पाहावयाचे, आणि त्या गुणोत्तरावरून साऱ्याची सूट किंवा दुष्काळाची घोषणा ठरवावयाची. नाण्यांचे दशमान झाल्यानंतर आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेघ निर्णायक ठरली, पण तत्त्व तेच राहिले. प्रोसेसरचा शिखरवेग हे असे कागदावरचे सोळा आणे पीक आहे. प्रोसेसरच्या घड्याळाचा कोणताही ठोका वाया गेला नाही, कोणताही आकडा स्मृतीतून उशिरा आला नाही, आणि कोणत्याही शेजाऱ्याची वाट पाहावी लागली नाही, तर जे हाती लागेल ते शिखर. आणि खरोखरीचे गणित सुटताना जे हाती लागते ती आणेवारी. या हिशेबाने ‘परम ८०००’ ची आणेवारी दीड ते सव्वातीन आणे होती. आणि त्या काळच्या समांतर यंत्रांत हा काही लाजिरवाणा आकडा नव्हता.

‘परम ८०००’ उभा राहात असतानाच अमेरिकेतून एक प्रतिस्पर्धी पुढे आला. इंटेल कंपनीने १९८९ च्या फेब्रुवारीत आय-८६० हा प्रोसेसर जाहीर केला. दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर एका चिपवर बसविणारा तो आरंभीच्या प्रोसेसरांपैकी एक. टी-८०० वर ते अडीच लाखांच्या आसपास होते. ४० मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर बेरीज आणि गुणाकार एकाच वेळी चालवून तो लहान अपूर्णांकांत ८०, आणि शास्त्रीय गणिताला लागणाऱ्या दुप्पट लांबीच्या अपूर्णांकांत ६० मेगाफ्लॉपचे शिखर गाठू शके. दीड आणि ऐंशी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की त्यांतील तफावत त्रेपन्नपट दिसते, आणि ती पाहून कोणाही खरेदीदाराचे मन विचलित व्हावे यात नवल नाही. इंटेलने स्वतः याच प्रोसेसरवर आपला समांतर महासंगणक रचला. आणि महाराष्ट्रातच, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९९१ साली आकारास आलेल्या ‘अनुपम’ या समांतर संगणकानेही आय-८६० चाच आश्रय केला. म्हणजे घाटाच्या वरच्या अंगाला पुण्यात ट्रान्सप्युटर आणि खालच्या अंगाला तुर्भ्यात आय-८६०, अशी दोन मते एकाच वर्षी एकाच राज्यात नांदत होती.

आय-८६० ची आणेवारी काढली तेव्हा मात्र चित्र पालटले. त्याच्या गणिती नळ्या (पाइपलाइन) भरत्या ठेवण्याची जबाबदारी रचनाकारांनी चिपवरून काढून कार्यक्रम लिहिणाऱ्यावर टाकली होती. कोणत्या ठोक्याला कोणता आकडा आत जाईल आणि कोणता बाहेर पडेल, याचा बंदोबस्त कंपायलरने आधीच करावा अशी अपेक्षा होती, आणि त्या काळचे कंपायलर या अपेक्षेस उतरले नाहीत. एखाद्या निष्णात माणसाने यंत्रभाषेत हाताने रचलेला लहानसा कार्यक्रम शिखराच्या जवळ जाई. पण शास्त्रज्ञाने साध्या फोर्ट्रानमध्ये लिहिलेला कार्यक्रम १० मेगाफ्लॉपच्या आसपास किंवा त्याहूनही खाली रेंगाळे. ऐंशीपैकी दहा, म्हणजे दोन आणे. शिवाय आकडे साठविण्याची चिपवरील जागा अवघी आठ किलोबाइट असल्यामुळे, मोठ्या जालकाचे गणित सुरू झाले की बाहेरच्या स्मृतीकडे वारंवार धाव घ्यावी लागे. त्याच १९९१ साली, अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करणारे डेव्हिड बेली यांनी समांतर संगणकांच्या वेगाचे आकडे सांगून लोकांना चकविण्याच्या बारा युक्त्या शिकविणारा एक उपहासगर्भ लेख लिहिला. त्यांतील पहिलीच युक्ती अशी की, नेहमी लहान अपूर्णांकांतले आकडे सांगावेत, लांबीने दुप्पट असलेल्यांचे सांगू नयेत. ऐंशी आणि साठ या दोन आकड्यांकडे पाहिले म्हणजे त्या विनोदाची धार ध्यानात येते.

दुसरी उणीव याहून खोल होती. आय-८६० ला शेजारी नव्हता. त्याच्या अंगी एकही दुवा नव्हता, आणि बाहेरून निरोप आला असता चालू काम थांबवून, नळ्यांतील अर्धवट आकडे जपून ठेवून, निरोपाची दखल घेण्यास त्याला वाईटात वाईट प्रसंगी सुमारे २,००० ठोके लागत. म्हणजे ४० मेगाहर्ट्झवर ५० मायक्रोसेकंद. ज्या गणितात काळाच्या प्रत्येक पायरीला चारी शेजाऱ्यांकडून कडेचे आकडे घ्यावयाचे असतात, त्या हवामानाच्या गणितात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. थोडा हिशेब मांडून पाहू. टी-८०० चा एक दुवा एका दिशेने सेकंदाला सुमारे पावणेदोन मेगाबाइट माहिती नेई आणि चिप दीड मेगाफ्लॉप गणित करी. म्हणजे एक बाइट पोहोचेपर्यंत तिच्या हातून जेमतेम एक कृती होई. बोलणे आणि गणित यांचा तोल हा असा होता. त्याच दुव्याला आय-८६० चा शिखरवेग जोडला तर एका बाइटमागे पंचेचाळीसांवर कृती पडतात. एवढे गणित त्या तुकड्यात नसेल, तर प्रोसेसर रिकामा बसणार हे उघड आहे.

जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम हेच वेगळ्या रीतीने सांगतो. समजा, दहा घटका चालणाऱ्या कामात नऊ घटका गणिताला आणि एक घटका निरोपांना लागते. गणित त्रेपन्नपट वेगवान झाले तरी निरोपांची एक घटका तशीच उरल्यामुळे एकूण काम साडेआठपटच लवकर होईल. आणि आय-८६० चा प्रत्यक्ष वेग, म्हणजे टी-८०० च्या सुमारे सातपट, धरला तर लाभ साडेचारपटीच्याही आत राहील. हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे; परंतु ज्याने तो एकदा मांडला त्याला दोन प्रोसेसरांपैकी श्रेष्ठ कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे, असे दिसून येते. गणितात एक सरस, दळणवळणात दुसरा सरस. आणि महासंगणकाला दोन्ही हवे असतात.

सी-डॅकने काढलेला तोडगा या जाणिवेतून निघाला. मॉस्को येथील एका संस्थेत ‘परम ८०००’ बसविल्यानंतर रशियन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्याचा जो विस्तार झाला, त्यात ट्रान्सप्युटर काढून टाकण्यात आले नाहीत. आय-८६० हा गणिताचा कामगार म्हणून आणला गेला आणि निरोपांचा कारभार ट्रान्सप्युटरांकडेच ठेवण्यात आला; या जोडयंत्राला ‘परम ८६००’ हे नाव मिळाले. त्याचा एक संच जुन्या ‘परम ८०००’ च्या चार संचांच्या बरोबरीने काम करतो, असे नमूद झाले. त्रेपन्नपट नव्हे, चौपट. ज्यांना कागदावरच्या आकड्यांची भुरळ पडली होती त्यांना हा आकडा निराशाजनक वाटला असेल. वस्तुतः तो त्या सबंध तुलनेतील सर्वांत प्रामाणिक आकडा होता, कारण तो दोन चिपांच्या जाहिराती शेजारी ठेवून काढलेला नव्हता, दोन यंत्रांकडून काम करवून घेऊन काढलेला होता.

दोन्ही प्रोसेसरांचे पुढे फारसे बरे झाले नाही. टी-८०० च्या दसपट वेगाचे वचन देऊन १९९१ साली जाहीर झालेला टी-९००० रखडत गेला आणि वचन न पाळताच मागे पडला. इन्मॉस कंपनी तत्पूर्वीच, १९८९ साली, एका युरोपीय कंपनीच्या ताब्यात गेली होती. आय-८६० ची गाठ पडली ती इंटेलच्याच ४८६ या प्रोसेसरशी, कारण घरोघरीच्या संगणकांवर चालणारे सारे कार्यक्रम त्या दुसऱ्या वंशासाठी लिहिले गेले होते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत इंटेलने आय-८६० चा नाद सोडला. सी-डॅकने यातून धडा घेतला, आणि १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये अशी मोकळी रचना केली की प्रोसेसर कोणत्याही कंपनीचा बसवता यावा. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क, तर त्यानंतरच्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर-४ हे प्रोसेसर आले, आणि सी-डॅकने आपली बुद्धी खर्चिली ती मुख्यतः त्यांना जोडणाऱ्या जाळ्यावर. २००३ साली ‘परम पद्म’ जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत १७१ व्या स्थानी आला. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच, टाटा समूहाच्या ‘एका’ या संगणकाने त्या यादीत चौथे स्थान पटकाविले.

ती यादी १९९३ पासून निघते आणि तिचा आधार जॅक डोंगारा यांची लिनपॅक ही कसोटी आहे. ‘एका’ ची लिनपॅकवरील आणेवारी अकरा आण्यांची होती : शिखर सुमारे १७१ टेराफ्लॉप, प्रत्यक्ष ११७.९. पण लिनपॅक ही सुपीक जमिनीवरची कापणी आहे. हवामानाच्या गणिताशी अधिक मिळतीजुळती, स्मृतीला आणि दळणवळणाला ताण देणारी दुसरी एक कसोटी पुढे डोंगारा यांनीच सुचविली, आणि तिच्यावर मोठमोठ्या महासंगणकांना अर्धा आणाही मिळविणे कठीण जाते. पुण्यात १९९१ च्या सुमारास जे अंतर दिसले ते अद्याप बुजलेले नाही, किंबहुना रुंदावले आहे.

दरम्यान तुलनेच्या जमाखर्चात एक नवे कलम शिरले. ट्रान्झिस्टर जसजसा लहान होईल तसतशी त्याची विजेची भूकही त्याच प्रमाणात घटेल, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखविलेला नियम २००५ च्या सुमारास थकला. ठोक्याचा वेग वाढविला की चिप तापू लागली, आणि एका वेगवान प्रोसेसरऐवजी एकाच चिपवर अनेक मध्यम प्रोसेसर मांडण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. याचा अर्थ असा की, ब्रिस्टल आणि पुणे येथे ज्याला पर्याय म्हणून हात घातला गेला होता, तोच पुढे राजमार्ग ठरला. २००७ च्या अखेरीपासून दर वॅटमागे किती गणित होते या निकषावर ‘ग्रीन ५००’ ही निराळी यादी निघू लागली. २०१३ च्या फेब्रुवारीत सी-डॅकने पुण्यात कार्यान्वित केलेला ‘परम युवा २’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तीत ४४ व्या स्थानी होता आणि भारतीय यंत्रांत पहिला होता. दर वॅटला सुमारे १,७६० मेगाफ्लॉप. ‘क्रे-१’ चा शिखरवेग १६० मेगाफ्लॉप आणि वीज ११५ किलोवॅट, यांच्याशी ताडून पाहिले तर चाळीस वर्षांच्या आत एका वॅटचे गणित सुमारे बारा लाखपट वाढले, असे दिसते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ‘युवा २’ मध्येही दोन जातींचे प्रोसेसर जोडीने काम करीत होते : कारभाराला झिऑन आणि रगाड्याच्या गणिताला झिऑन फाय. ‘परम ८६००’ ची मसलत एकवीस-बावीस वर्षांनी पुन्हा कामास आली होती.

हवामानाचे मूळ गाऱ्हाणे आता पुण्यातच सोडविले जात आहे. २०१८ च्या जानेवारीत उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ४ पेटाफ्लॉपचा ‘प्रत्यूष’ सुरू झाला, आणि त्याचा निर्माता होता क्रे. तीस वर्षांपूर्वी ज्या नावाच्या यंत्रासाठी दिल्लीला अटी आणि नकार सोसावे लागले, तेच नाव पुण्यास आपण होऊन आले. २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्या जागी ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ आला, आणि २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ त्याच्यावर चालते. पूर्वी भाकिताचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, तो आता ६ किलोमीटरचा झाला. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, काळाच्या पायऱ्याही दुप्पट कराव्या लागतात, आणि गणित सुमारे आठपट वाढते. एवढे करून जे साधते ते असे की, देवगावच्या महसूल मंडळाचे आभाळ आणि कन्नडच्या डोंगराकडचे आभाळ एका आकड्यात कोंबावे लागत नाही. गौताळ्याच्या डोंगररांगेला थडकून पडणारा पाऊस आणि खालच्या सपाटीवर हुलकावणी देणारा पाऊस यांत फरक करावयाचा, तर एवढा खर्च अटळ आहे.

या सबंध प्रवासात एक उणीव मात्र सलत राहते. टी-८०० इंग्लंडचा, आय-८६० अमेरिकेचा, आणि आजच्या ‘अर्क’मधील प्रोसेसरही परदेशी रचनेचा. यंत्र जोडण्याची विद्या आपण १९९१ साली सिद्ध केली. चिप रचण्याची विद्या अजून बाल्यावस्थेत आहे. सी-डॅकमध्ये ‘वेगा’ या नावाने प्रोसेसरांची एक देशी मालिका आकार घेत आहे, आणि उद्या तिच्यातला एखादा प्रोसेसर परदेशी प्रोसेसरच्या शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग येईल तेव्हा त्याचा शिखरवेग कमी भरला म्हणून कोणी नाक मुरडू नये, आणि जास्त भरला म्हणून कोणी पेढेही वाटू नयेत. तो कोणते गणित सोडविणार, त्याच्या शेजारी कोण बसणार, आणि त्या गणिताला किती युनिट वीज पडणार, हे तीन आकडे मागून घ्यावेत. ते मिळाल्यावाचून दोन प्रोसेसरांमध्ये निवाडा देऊ नये.